किकुचियोची वंशावळ

एक विद्यार्थिनी, बी. ए. भाग २

‘शोले’ न पाहिलेला माणूस आपल्या यवतमाळ जिल्ह्यात शोधूनही सापडायचा नाही. १५ ऑगस्ट १९७५ ला तो प्रदर्शित झाला तेव्हा माझे बाबा जन्मलेही नव्हते. तरी गब्बरचे संवाद त्यांना तोंडपाठ आहेत आणि ते म्हणताना त्यांचा आवाजही बदलतो. पण वाचकहो, मी तुम्हांला एक साधा प्रश्न विचारते. रामगढचे लोक पोटासाठी काय करतात? टांगेवाली बसंती आठवते, आंधळे इमामसाहेब आठवतात, टाकीवर चढलेला वीरू तर कोण विसरेल! गब्बरची माणसे धान्य न्यायला येतात, त्या अर्थी गावात धान्य पिकत असणार. पण ते पेरले कोणी, निंदले कोणी, सोंगले कोणी? तीन तासांहून मोठ्या त्या चित्रपटात कोणी मन लावून शेत करताना दिसल्याचे मला तरी आठवत नाही. रामगढला भीती आहे, होळी आहे, ठाकूरची हवेली आहे. नांगर तेवढा नाही.

हा प्रश्न मला पूर्वी कधीच पडला नव्हता. तो पडला तो गेल्या डिसेंबरात, आमच्या सरांनी सभागृहात एक जपानी चित्रपट दाखवला तेव्हा. ‘शिचिनिन नो सामुराई’, म्हणजे ‘सात सामुराई’. दिग्दर्शक अकिरा कुरोसावा, साल १९५४, कृष्णधवल, लांबी तीन तास सत्तावीस मिनिटे. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला त्याच वर्षी रौप्य सिंह मिळाला. १९६० मध्ये हॉलिवूडने त्यावरून ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ काढला, आणि आपल्या ‘शोले’वर या दोन्हींची छाया आहे हे सर्वांनाच मान्य आहे. सरांनी एवढे सांगितले आणि दिवे मालवले. “रंगीत नाही काय, सर?” असा एक आवाज मागून आला. अर्ध्या तासात मागच्या तीन रांगा रिकाम्या झाल्या. मीही उठणारच होते, खोटे कशाला बोलू? पण पडद्यावर असे काही झाले की मी बसून राहिले.

चित्रपटाची सुरुवातच पाहा. टेकडीवर घोड्यांवर बसलेले लुटारू, खाली गाव. एक जण म्हणतो, चला, हेही लुटू. सरदार म्हणतो, आता नको. मागच्या शरदात यांचा तांदूळ नेला आहे, आता यांच्याकडे काही उरले नसेल. सातू पिकला की येऊ. आणि ते निघून जातात. झुडपामागे जळणाचा भारा वाहणारा एक शेतकरी हे सारे ऐकत असतो.

सातू पिकला की येऊ! हे बोलणे मी आमच्या गावात वेगळ्या शब्दांत ऐकत मोठी झाले आहे. आमच्याकडे घोडे येत नाहीत. कापूस घरात पडला, सोयाबीन पोत्यांत भरले की लोक येऊ लागतात. बियाण्या-खताच्या उधारीचा माणूस येतो, फायनान्सवाला येतो, काटा घेऊन गाडीवाला व्यापारी येतो. मृगात यांतले कोणी फिरकत नाही. कोणाच्या घरी कोणत्या महिन्यात जायचे, याचे त्यांचे पंचांग अगदी पक्के असते.

जपानच्या त्या गावात मग सारे गोल करून बसतात आणि एक बाई मोठ्याने रडत म्हणते की सारा आहे, वेठ आहे, लढाया आहेत, दुष्काळ आहे, आणि वरून हे लुटारू. देवाला आम्ही मेलेलेच हवे आहोत. आपल्याकडे पोळ्याला झडत्या म्हणतात, त्यांत हीच यादी असते, फक्त ती हसत हसत ओरडून म्हटली जाते. रडणे आणि झडती यांत फारसे अंतर नाही, असे मला त्या वेळी वाटले.

गावातला म्हातारा गिसाकू सल्ला देतो की सामुराई भाड्याने आणा. पण द्यायला पैसे कुठे आहेत? म्हातारा म्हणतो, भुकेले सामुराई शोधा. मजुरी काय, तर पोटभर भात. बस्स! गावचे चार लोक शहरात जातात आणि एकेक सामुराई जमवतात. वडीलधारा, थकलेला काम्बेई (तकाशी शिमुरा या नटाने हे काम इतके शांतपणे केले आहे की आपल्याला आपलेच कोणी काका आठवावे), अबोल तलवारबाज क्युझो, हसरा हेइहाची, कोवळा कात्सुशिरो आणि बाकीचे. सातवा किकुचियो. त्याच्याविषयी पुढे लिहिते, कारण हा लेखच त्याच्यासाठी आहे.

साडेचारची एसटी चुकली तर दुसरी गाडी नाही, त्यामुळे मध्यंतराला आम्हा खेड्यावरच्या मुलींना उठावे लागले. उरलेला अर्धा भाग सरांनी मोबाइलमध्ये घालून दिला. तो मी घरी पाहिला, आणि एकटीने पाहायचे ठरवले असूनही माय येऊन बसली. तिला इंग्रजी अक्षरे वाचता येत नाहीत, मला जपानी येत नाही. मी खालच्या ओळी वाचून सांगत होते, अडले तर शब्दकोश. पहिल्या भागाची गोष्ट तिला तोंडी सांगितली. तिने पहिलाच प्रश्न केला, “भात त्यायले देते, मंग घरचे काय खाते?”

बरोबर याच प्रश्नावर कुरोसावाने चित्रपट उभा केला आहे. घरचे लोक कोंड्यासारखे हलके धान्य खातात, राळे-सावा म्हणा ना, आणि तांदूळ सामुराईंना वाढतात. काम्बेई नाही म्हणून उठतो तेव्हा धर्मशाळेतला एक मजूर भाताचा वाडगा त्याच्यासमोर धरतो आणि हे सांगतो. काम्बेई तो वाडगा हातात घेतो आणि हे अन्न वाया जाऊ देणार नाही एवढेच बोलतो. तिथे भाषण नाही, संगीताचा गडगडाट नाही. आमच्या घरी पाहुणा आला की त्याला गव्हाची पोळी आणि आम्हाला ज्वारीची भाकर, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. पाहुणा म्हणतो, “तुम्हीबी बसा ना,” आणि माय म्हणते, “आमचं झालं.” झालेले काहीच नसते! माय तो प्रसंग ऐकून एकदम गप्प झाली.

आणखी एक प्रसंग. शहरात योहेई नावाच्या भित्र्या शेतकऱ्याच्या ताब्यातला तांदूळ रात्री चोरीला जातो. मडक्यात मूठभर उरलेले दाणे तो रडत रडत वेचतो. सभागृहात आमची मुले इथे हसली. तो नट चेहरा तसाच करतो, हसू येतेच. पण मला वाटते, ज्यांनी पावसात भिजलेल्या सोयाबीनच्या गंजीखालचे दाणे हाताने वेचले आहेत ते हसले नसतील.

आता थोडे शिनोविषयी, कारण मुलगी म्हणून ते मला राहवत नाही. सामुराई गावात येणार कळल्याबरोबर मांझो नावाचा बाप आपल्या मुलीला, शिनोला, धरतो आणि तिचे केस कापून टाकतो. तिने मुलगा दिसावे म्हणून! संकट गावावर आहे, रक्षणाला माणसे येणार आहेत, आणि पहिली कात्री चालते ती मुलीच्या केसांवर. तालुक्यात कुठे काही वाईटसाईट घडले की दुसऱ्या दिवशी किती घरांत “आता कॉलेज पुरे झालं” असे शब्द निघतात, हे आम्हा मुलींना विचारा. कुरोसावाने मांझोला दुष्ट दाखवलेले नाही, भ्यालेला दाखवले आहे. ते खरे आहे. पण शिनोला काय वाटले, ते मात्र तिच्या तोंडून फारसे येत नाही. ज्या बायका या गावात दिवसभर राबतात त्या चित्रपटात बव्हंशी घोळक्यानेच दिसतात. एवढ्या मोठ्या दिग्दर्शकाची ही उणीव मला खटकली, ती लिहून ठेवते.

आता किकुचियो. तोशिरो मिफुने या नटाने हे पात्र रंगवले आहे. उड्या मारणारा, दारू पिणारा, खांद्यावर माणसाहून लांब तलवार टाकून फिरणारा, सगळ्यांचा विदूषक. तो स्वतःला सामुराई म्हणवतो आणि पुरावा म्हणून घराण्याच्या वंशावळीची एक गुंडाळी दाखवतो. काम्बेई ती वाचतो आणि हसू लागतो. त्या वंशावळीत ज्या किकुचियोचे नाव आहे त्याचे जन्मसाल पाहिले तर तो आज तेरा वर्षांचा असायला हवा! समोर तर दाढीवाला बाप्या उभा. गुंडाळी चोरीची आहे, आणि ज्याची आहे त्याला ती वाचताही येत नाही. सगळे पोट धरून हसतात. आमचे सभागृहही हसले.

पुढे एक दिवस किकुचियो मोठ्या आनंदाने चिलखते, भाले, धनुष्ये घेऊन येतो. गावातच लपवलेली होती. सामुराईंचे चेहरे काळे पडतात, कारण ही हत्यारे हरून पळणाऱ्या एकट्यादुकट्या सामुराईंना मारून शेतकऱ्यांनी मिळवलेली आहेत, हे ते ओळखतात. क्युझोसारखा शांत माणूस म्हणतो की या गावातल्या सगळ्यांना मारावेसे वाटते. आणि मग किकुचियो फुटतो. शेतकरी म्हणजे काय देव समजता काय, असे तो विचारतो. ते कंजूष आहेत, लबाड आहेत, रडके आहेत, मूर्ख आहेत, खुनी आहेत. जमिनीखाली खणा, तांदूळ सापडेल. डोंगरात जा, चोरून केलेली शेते सापडतील. गरीब तोंड करून हात जोडतात आणि खोटे बोलतात. एवढे बोलून तो विचारतो की त्यांना असे केले कोणी? तुम्ही! तुम्ही सामुराईंनी! लढाईसाठी गावे जाळता, पिके तुडवता, धान्य नेता, माणसांना वेठीला धरता, बायका नेता. शेतकऱ्याने करावे तरी काय? शेवटी तो गुडघ्यावर बसून रडू लागतो. बराच वेळ कोणी बोलत नाही. काम्बेईच्या डोळ्यांत पाणी असते. मग तो विचारतो, तू शेतकऱ्याचा मुलगा आहेस ना?

मी मान खाली घातली. सभागृहात अंधार होता म्हणून बरे झाले.

शेतकऱ्यांची बाजू घेणारे बहुतेक लिखाण त्याला भोळा, राबणारा, सोशीक असा रंगवते. ‘जगाचा पोशिंदा’ हा शब्द तर भाषणांत इतका वापरला गेला आहे की त्यातला पोशिंदा आता कोणाला दिसत नाही. किकुचियो तसे करत नाही. आधी सगळे दोष, लाजवणारे, खरे दोष मांडतो आणि मग ते आले कुठून हे विचारतो. आपल्याकडे महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला त्यातही मला हीच रीत दिसते. शेतकऱ्याचे अज्ञान, त्याची कर्जबाजारी लग्नकार्ये, त्याचे घर, त्याचे जेवण, काही झाकलेले नाही. आणि असूड ओढला आहे तो त्याला तसे ठेवणाऱ्यांवर. प्राध्यापकांना ही तुलना धाडसाची वाटेल. पण पुण्यातल्या एका माणसाने आणि सत्तर वर्षांनी जपानमधल्या एका माणसाने शेतकऱ्याची बाजू मांडताना त्याला सोवळे करून घेतले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. त्यातही कुरोसावा हे स्वतः सामुराई वंशातले. आपल्याच पूर्वजांना आपल्याच चित्रपटात हे ऐकवायचे, याला हिंमत लागते.

मराठी पडद्यालाही शेतकरी अगदीच अनोळखी नाही. बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ हा मूकपट १९२५ चा. त्यात जमीन गमावून शहरात मजूर झालेल्या शेतकऱ्याचे काम तरुण व्ही. शांतारामांनी केले होते. आणि सतीश मनवरांचा २००९ चा ‘गाभ्रीचा पाऊस’ तर आपल्या विदर्भाचाच आहे. त्यातली बायको नवऱ्याने जिवाचे काही बरेवाईट करू नये म्हणून त्याच्यावर रात्रंदिवस डोळा ठेवते. हे चित्रपट मोठेच आहेत. मात्र त्यांत शेतकरी सोसतो. किकुचियोसारखा उसळून स्वतःच्याच माणसांना शिव्या देणारा आणि त्याच श्वासात त्यांच्यासाठी भांडणारा शेतकऱ्याचा पोर मी तरी दुसरीकडे पाहिला नाही.

आता जे लिहायचे ते लिहिताना हात थांबतो आहे. गेल्या वर्षी मी या महाविद्यालयात आले. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पहिल्या आठवड्यात मैत्रिणींनी विचारले, तुझे बाबा काय करतात? कोणाचे शिक्षक होते, कोणाचे एसटीत, कोणाचे पंचायत समितीत. मी म्हणाले, “बाबा सोसायटीत आहेत.” एक वर्षभर सर्वांचा समज असा की माझे वडील सोसायटीचे सचिव वगैरे आहेत. ते सोसायटीत आहेत हे खोटे नाही. ते कर्जदार सभासद आहेत! गावातले बहुतेक सगळेच आहेत. बाबा एकदा परीक्षेच्या फॉर्मचे पैसे द्यायला आले होते. फवारणी सोडून तसेच आले होते, कपड्यांना औषधाचा वास येत होता. मी त्यांना फाटकाबाहेरच भेटले आणि बस लागली आहे असे सांगून लगेच वाटेला लावले. बस लागायला अजून तासभर होता. ते स्टँडवर तासभर बसून राहिले असतील. मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही.

तर अशी माझी वंशावळ. किकुचियोची निदान त्याने दारूच्या नशेत दाखवली. मी शुद्धीवर असताना दाखवली.

हेइहाची हा सामुराई गावासाठी एक निशाण रंगवतो. त्यावर सहा वर्तुळे, म्हणजे सहा सामुराई. सर्वांत खाली ‘ता’ हे जपानी अक्षर, म्हणजे शेत, म्हणजे गाव. आणि वर्तुळे व अक्षर यांच्यामध्ये एक त्रिकोण. तो किकुचियो. ना वर्तुळांत, ना शेतात. तो चिडतो की मला वेगळे का काढले. पण पुढे हेइहाची मारला जातो, त्याच्या थडग्याशी सारे गाव रडत असते, तेव्हा हाच किकुचियो धावत घरात जातो आणि ते निशाण छपरावर नेऊन रोवतो.

आमच्या वर्गात त्रिकोण किती आहेत, हे मोजायला हवे. तलाठी व्हायचे आहे, पोलीस भरती द्यायची आहे, एमपीएससी करायची आहे. मधल्या सुट्टीत आमचे हेच बोलणे. त्यात वाईट काही नाही, मलाही तेच हवे आहे. शेतीतून बाहेर पडावे असे आम्हाला आमचेच मायबाप सांगतात. पण एक गोष्ट मी इतिहासाच्या पुस्तकात वाचली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. चित्रपटातल्या वंशावळीच्या हिशेबाने त्याचा काळ १५८६-८७ चा येतो. त्या वेळी जपानचा सर्वेसर्वा झाला होता तोयोतोमी हिदेयोशी. हा गरीब शेतकरी-शिपायाच्या पोटी जन्मलेला, धन्याच्या पदरी राहून वर चढलेला. म्हणजे किकुचियोला जे व्हायचे होते ते खरोखर झालेला माणूस! त्याने काय केले? १५८८ साली हुकूम काढला की शेतकऱ्यांनी आपल्या तलवारी, भाले, बंदुका सरकारजमा कराव्यात. त्या लोखंडाचे खिळे बुद्धाच्या मोठ्या मूर्तीच्या कामी येतील आणि तुम्हाला पुण्य लाभेल. १५९१ मध्ये आणखी हुकूम काढला की शेतकऱ्याने शेत सोडून व्यापाराला लागू नये आणि सामुराईने शेतकरी होऊ नये. ज्या दारातून तो स्वतः आत आला ते दार त्याने आतून कडी लावून बंद केले.

म्हणजे काम्बेईने ज्या गावाला भाले धरायला शिकवले, त्या गावाचे भाले एक-दोन वर्षांत गाडीत भरून नेले गेले असणार; आणि ते नेण्याचा हुकूम शेतकऱ्याच्याच पोराचा. चित्रपटात हे नाही. पण हे कळल्यावर चित्रपट परत पहिल्यापासून आठवावा लागतो. उद्या आपल्यातलाच कोणी खिडकीच्या आत बसेल आणि बाहेर फेरफाराचा कागद घेऊन कोणाचे तरी बाबा उभे असतील. “उद्या या” हे दोन शब्द म्हणायला किती सोपे आहेत! ज्यांनी ते आमच्या बाबांना म्हटले, त्यांतले काही शेतकऱ्यांचेच मुलगे होते, हे मला ठाऊक आहे.

लढाईविषयी मी फार लिहीत नाही. शेवटची पावसातली लढाई जगभर गाजलेली आहे, ती पाहावी. चिखलाचा असा उपयोग दुसऱ्या कोणी केला नसेल. एक गोष्ट मात्र नोंदवते. सातांपैकी चार सामुराई मरतात आणि चौघेही बंदुकीच्या गोळीने मरतात. तलवारीने एकही नाही. क्युझोसारखा तलवारबाज, ज्याच्यासमोर कोणी टिकत नाही, तो लांबून आलेल्या एका गोळीने चिखलात कोसळतो. जपानमध्ये बंदूक आली १५४३ साली पोर्तुगीजांबरोबर. समोरासमोर येत नाही त्याच्याशी लढायचे कसे? कापसाचा भाव कुठे ठरतो हे बाबांना विचारले तर ते हात वर करून आकाशाकडे दाखवतात, ते मला इथे आठवले. किकुचियोही गोळी खाऊनच मरतो. पण मरण्याआधी बंदूकवाल्या सरदाराला भोसकतो आणि चिखलात उघडाबागडा पालथा पडतो. त्याची समाधीही बाकी तिघांबरोबर सामुराईंच्या रांगेत होते. मेल्यावर का होईना, वर्तुळात गेला म्हणायचे.

शेवटी तिघे उरतात. खाली शेतात ढोल वाजतो आहे, बासरी वाजते आहे, गाणी म्हणत धानाची लावणी चालली आहे. शिनो लावणीला जाते. काम्बेई टेकडीवरच्या चार थडग्यांकडे पाहत म्हणतो की पुन्हा आपणच हरलो. जिंकले ते शेतकरी.

या वाक्यावर जगभरच्या जाणकारांनी पाने भरली आहेत. मला ते पटत नाही. म्हणजे, १९५४ च्या जपानी प्रेक्षकाला ते पटले असेल. युद्ध हरून नऊ वर्षे झाली होती. १९४६ च्या कायद्याने जमीनदारांच्या जमिनी सरकारने घेऊन कुळांना दिल्या होत्या. चित्रपटगृहात बसलेल्या कितीतरी लोकांच्या घरी पहिल्यांदाच स्वतःच्या मालकीचे शेत आले असेल. त्यांच्या कानाला ‘शेतकरी जिंकले’ हे खरे लागले असणार. पण मी ज्या जिल्ह्यात राहते तिथे १९ मार्च १९८६ ही तारीख आहे. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे या शेतकऱ्याने त्या दिवशी बायको आणि चार मुलांसह जीवन संपवले. त्याच्या आठवणीत दर १९ मार्चला आजही लोक उपवास करतात. ही तारीख ठाऊक असलेल्याने ते वाक्य मुकाट्याने कसे ऐकून घ्यावे? आणि चित्रपटातही, लढाईत मेलेल्या शेतकऱ्यांची थडगी काम्बेईच्या डोळ्यांसमोरच आहेत. रिकिचीची बायको लुटारूंनी नेली होती, ती नवऱ्याला पाहताच आगीत परत गेली. तो रिकिचीच लावणीत सर्वांत मोठ्याने गातो आहे. याला जिंकणे म्हणतात की दुसरा काही शब्द आहे, हे रिकिचीला विचारायला हवे. काम्बेई भला माणूस आहे, पण तो टेकडीवरून बोलतो आहे.

त्या रात्री बाबा जागलीला निघाले होते. हरभऱ्यात रानडुकरे शिरतात, म्हणून थंडीतही जावे लागते. हातात टॉर्च, अंगावर घोंगडी. उंबऱ्यात थांबून त्यांनी विचारले, “काय पाहून राहिल्या वं मायलेकी?” मी शेवटचा प्रसंग परत लावला आणि काम्बेई काय म्हणतो ते सांगितले. त्यांनी लावणी नीट पाहिली. धानाचे त्यांना कळते, आमची आत्या भंडाऱ्याकडे दिली आहे. मग म्हणाले, “रोवणी करून राहिले म्हणून जितले काय? पेरणं त आपणबी दरसाल पेरतो.” आणि थोडे थांबून, “पण गाणं चांगलं आहे त्यायचं.” मग गेले.

त्यांना मी फाटकाची गोष्ट अजून सांगितलेली नाही. हा अंक घरी नेईन तेव्हा धाकटा भाऊ वाचून दाखवील.

जाता जाता सरांना आणि विद्यार्थी मंडळाला एक विनंती. हा चित्रपट पुढच्या वर्षी पुन्हा दाखवावा, पण एका दिवशी नव्हे, दोन दिवसांत. मध्यंतर कुरोसावांनी स्वतःच ठेवलेले आहे. गावाचे वीस घरांचे मोहल्ले वाचवायचे म्हणून नदीपलीकडची तीन घरे सोडून द्यावी लागतील असे काम्बेई सांगतो, त्या तीन घरांतला मोसुके भाला फेकून बंड करतो, काम्बेई तलवार उपसून त्यांना रांगेत परत आणतो, आणि तिथे मध्यंतर होते. निम्न पैनगंगेच्या बुडीत क्षेत्रात ज्यांची गावे येतात त्या मुलांनी या प्रसंगावर काय म्हणायचे आहे ते तेव्हा सांगावे. मोसुके चूक होता असे मला मनापासून म्हणवत नाही. दुसऱ्या दिवशी सातूच्या सोंगणीपासून पुढे सुरू करता येईल. दोन्ही दिवस बारा वाजता सुरू केले तर साडेचारची गाडीही मिळेल.